विश्लेषण : मागून धडक बसलेल्या ट्रकची चासी सरळ करायची, बदलायची की ट्रक मोडीत काढायचा?

महामार्गावर मागून धडक बसलेला ट्रक काही आठवड्यांत पुन्हा रस्त्यावर दिसतो. मागचा बंपर नवा, दिवे नवे, बॉडीला ताजा रंग. मात्र या सगळ्याखाली असलेली चासी खरोखर पूर्वीसारखी झाली आहे का, हे रंगावरून कळत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. धडकेच्या प्रकारांमध्ये सर्वाधिक वाटा मागून धडकेचा होता, साधारण पाच अपघातांमागे एक. त्याच वर्षी २० नोव्हेंबरच्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने एकामागोमाग एक वाहनांना धडक दिली आणि सुमारे ४८ वाहनांचे नुकसान झाले. अशा अपघातांतील जीवितहानीची चर्चा होते. मात्र त्यातून वाचलेल्या अवजड वाहनांचे पुढे काय होते, ती कशी दुरुस्त होतात आणि कोण तपासते, याकडे फारसे लक्ष जात नाही.

चासी म्हणजे नेमके काय?

कारमध्ये बहुतेक वेळा बॉडी आणि सांगाडा एकच असतो. ट्रकमध्ये तसे नसते. शिडीसारख्या पोलादी चौकटीवर केबिन, इंजिन, गिअरबॉक्स, डिझेल टाकी, एक्सल, पाटे आणि माल ठेवण्याची बॉडी बसवलेली असते. या चौकटीत इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचे दोन लांब मेंबर असतात आणि त्यांना जोडणारे अनेक आडवे मेंबर असतात. हे जोड रिव्हेटने किंवा उच्च ताकदीच्या बोल्टने केलेले असतात. भरलेल्या ट्रकचा सगळा भार या दोन लांब मेंबरवरून पाट्यांमार्फत चाकांवर जातो.

येथे एक गोष्ट समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे होते. भार पडल्यावर लांब मेंबरच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर सर्वांत जास्त ताण येतो, तर उभ्या पत्र्याच्या मधल्या भागावर तो सर्वांत कमी असतो. म्हणूनच कंपन्यांच्या सूचनांमध्ये वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, तेथे वेल्डिंग करू नका, असे बजावलेले असते. ब्रॅकेट लावायचेच असेल तर उभ्या भागात, तेही ठरवून दिलेल्या अंतरावर. धडकेनंतरच्या दुरुस्तीत नेमका हाच नियम सर्वाधिक मोडला जातो.

मागून धडक बसली की काय घडते?

धडकेच्या वेळी दोन वाहनांची दोन वेगळी कहाणी असते. ज्याला मागून धडक बसते त्याचा मागच्या एक्सलपलीकडचा भाग, म्हणजे शेवटचा आडवा मेंबर, मागचा संरक्षक बंपर आणि त्याचे ब्रॅकेट, आधी दाबले जातात. धडक जोरदार असेल तर लांब मेंबरची टोके वर, खाली किंवा बाजूला वाकतात. जो ट्रक पुढच्या वाहनावर आदळतो, त्याच्या पुढच्या टोकाला मार बसतो. केबिनचे माउंटिंग, रेडिएटरचा आधार, स्टिअरिंग बॉक्स आणि पुढच्या पाट्यांचे ब्रॅकेट त्यात सापडतात. साखळी अपघातात मधल्या ट्रकला दोन्हीकडून मार बसतो.

नुकसान साधारण पाच प्रकारचे असते. लांब मेंबर आडवा वळतो. मध्येच खाली बसतो किंवा वर उचलला जातो. दाबामुळे एका जागी चुण्या पडून त्याची लांबी कमी होते. धडक एका कोपऱ्यावर बसली असेल तर एक मेंबर दुसऱ्याच्या मागे-पुढे सरकतो आणि आयताची चौकट तिरकी होते. गॅरेजमध्ये यालाच ‘चासी डायमंड झाली’ म्हणतात. शेवटचा प्रकार पिळाचा : एक कोपरा वर, तर समोरचा खाली. प्रत्यक्षात यांतील दोन-तीन प्रकार एकत्रच आढळतात.

भरलेल्या ट्रकमध्ये आणखी एक गोष्ट घडते. धडकेच्या क्षणी माल आणि बॉडी चासीच्या तुलनेत सरकतात. बॉडी धरून ठेवणारे यू-बोल्ट सैल होतात, ब्रॅकेट तुटतात, रिव्हेटची भोके लांबट होतात. त्यामुळे मागे फक्त बंपर चेपलेला दिसत असला तरी केबिनमागच्या जोडापर्यंत तपासणी करावी लागते.

नुकसान कसे ओळखायचे?

चालकाला काही खुणा सर्वांत आधी जाणवतात. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढते. मागून येणाऱ्याला ट्रक तिरका चालताना दिसतो, म्हणजे मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावर येत नाहीत. टायर एका कडेने झिजतात. प्रोपेलर शाफ्टला हादरा बसतो. केबिनच्या दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या राहत नाहीत.

ट्रकखाली गेल्यावर आणखी खुणा सापडतात. रंगाला बारीक आडव्या भेगा पडल्या असतील तर त्या जागी पत्रा ताणला किंवा चेपला गेलेला असतो. रिव्हेटच्या डोक्याभोवती लाल गंजाची रेघ असेल तर तो जोड हलत असतो. पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ आणि आडव्या मेंबरच्या कोपऱ्यांत केसासारखी चीर असू शकते. संशयित जागा साफ करून रंगीत द्रवाने केली जाणारी चाचणी, म्हणजे डाय पेनिट्रंट, अशी चीर दाखवते. हे काम महागडे नाही, पण ते करायला हवे असे कोणी सुचवावे लागते.

तरीही डोळा पुरेसा नाही. मोजमाप हाच खरा पुरावा असतो. त्यासाठी ट्रक रिकामा करून सपाट फरशीवर उभा करतात आणि टायरमधील हवा सारखी करतात. दोन्ही लांब मेंबरवर कंपनीने ठरवलेले समोरासमोरचे बिंदू घेऊन ते ओळंब्याने जमिनीवर उतरवतात आणि कर्ण मोजतात. दोन्ही कर्ण सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर ती तिरकी झाली आहे. पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंतचे अंतर डाव्या आणि उजव्या बाजूने मोजतात. लांब मेंबरच्या कडेने दोरी ताणली की आडवा बाक आणि झोल दिसतो. मोठ्या वर्कशॉपमध्ये हेच काम लेझरने होते. किती मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, हे त्या मॉडेलच्या कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. गॅरेजच्या अंदाजाला येथे जागा नाही.

चासी सरळ करता येते का?

अनेकदा येते. मात्र ‘कशी’ आणि ‘कुठली’ हे दोन प्रश्न महत्त्वाचे. मागच्या एक्सलपलीकडचा, बाहेर निघालेला भाग वाकला असेल तर काम तुलनेने सोपे असते. तेथे भार कमी असतो आणि पाट्यांचे ब्रॅकेट शाबूत असू शकतात. दोन एक्सलच्या मधल्या भागात चुणी पडली असेल, पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चीर असेल किंवा पीळ बसला असेल, तर गांभीर्य वाढते.

योग्य पद्धत म्हणजे चासी मजबूत बेंचला किंवा जमिनीतील अँकरला साखळ्यांनी बांधून हायड्रॉलिक जॅकने थंड अवस्थेत हळूहळू ओढणे. पोलाद थोडे परत फिरते, त्यामुळे थोडे जास्त ओढून, सोडून, पुन्हा मोजावे लागते. वाकलेले आडवे मेंबर सहसा सरळ करत बसण्यापेक्षा बदलणे योग्य ठरते. काढलेल्या रिव्हेटच्या जागी भोक साफ करून कंपनीने सांगितलेल्या श्रेणीचे घट्ट बसणारे बोल्ट लावतात. साधा बाजारी बोल्ट तेथे चालत नाही.

सरळ केलेल्या भागावर घड्या, चुण्या किंवा चिरा राहिल्या असतील तर तो लांब मेंबर बदलणे हाच मार्ग उरतो. कारण एकदा चुणी पडलेले पोलाद सरळ दिसले, तरी पुढच्या भाराखाली ते त्याच जागी पुन्हा दुमडते.

गॅस कटर आणि वेल्डिंगचा धोका कोणता?

अनेक गॅरेजांत वाकलेला मेंबर गॅसने लाल करून हातोड्याने किंवा जॅकने सरळ करतात आणि घाई असेल तर वर पाणी ओततात. काम झटपट होते. मात्र नव्या ट्रकच्या चासीत उच्च ताकदीचे पोलाद वापरलेले असते. अशा पोलादाची ताकद त्याच्या मिश्रणाइतकीच कारखान्यात झालेल्या प्रक्रियेतूनही आलेली असते. पोलाद डोळ्याला लाल दिसू लागते, तेव्हा ते ५००-६०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेले असते. तेथे ती प्रक्रिया पुसली जाते आणि तेवढा पट्टा मऊ पडतो. पाण्याने एकदम थंड केले तर तो ठिसूळ होण्याचा धोका असतो. म्हणजे एकाच मेंबरमध्ये कणखर, मऊ आणि ठिसूळ असे शेजारी शेजारी भाग तयार होतात. चीर सुरू होते ती बहुतेकदा त्यांच्या सीमेवर.

दुसरी सवय म्हणजे वरून जाड पट्टी वेल्ड करून ‘मजबुती’ देणे. आधार द्यायचा असेल तर तो मेंबरच्या आकारात बसणारा, बोल्टने जोडलेला आणि टोकांना तिरका कापलेला असावा लागतो. पट्टीचे टोक सरळ कापलेले असेल तर लवचीक भाग आणि कडक भाग यांची हद्द एकाच रेषेवर येते आणि नेमकी तेथेच चासी तुटते. जाड पट्टीमुळे ट्रक मजबूत झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तुटण्याची जागा फक्त एक-दोन फूट पुढे सरकलेली असते.

वेल्डिंग अपरिहार्य असेल तेथे बॅटरीच्या तारा आणि इंजिनचा कंट्रोल युनिट आधी काढावा लागतो. बीएस-६ ट्रकमध्ये सेन्सर आणि कंट्रोल युनिट अनेक असतात. वेल्डिंगचा करंट त्यांतून गेला तर चासीच्या दुरुस्तीबरोबर आणखी एक मोठे बिल उभे राहते. एअर ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंगजवळ ठिणगी पडू नये, ही खबरदारी वेगळीच.

विम्याचे गणित कसे असते?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार अपघातानंतर चालकाने विमा कंपनीलाही लेखी माहिती द्यायची असते. ट्रक हलवण्यापूर्वी चारही बाजूंचे, चासीखालचे आणि चासी क्रमांकाचे फोटो काढणे मालकाच्या हिताचे ठरते. सर्व्हेअर येण्यापूर्वी काम सुरू केले तर नंतर दावा सिद्ध करणे कठीण जाते. पहिल्या पाहणीत आत दडलेले नुकसान दिसत नाही. म्हणून बॉडी उचलल्यानंतर पुन्हा पाहणी करावी, अशी लेखी विनंती मालकाने करावी. अंदाजपत्रकात ‘चासी दुरुस्ती’ एवढेच लिहून घेऊ नये. कुठला मेंबर, किती वाकला, सरळ करणार की बदलणार, आधीची आणि नंतरची मापे काय, हे त्यात असावे.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या ट्रकचे नुकसान त्यात मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी बदललेल्या धातूच्या भागांवर वयानुसार घसारा कापला जातो. प्रचलित तक्त्यानुसार ३ ते ४ वर्षांच्या वाहनाला २५ टक्के, ४ ते ५ वर्षांच्या वाहनाला ३५ टक्के, ५ ते १० वर्षांच्या वाहनाला ४० टक्के आणि १० वर्षांपुढे ५० टक्के. उदाहरण घ्यायचे तर साडेचार वर्षांच्या ट्रकमध्ये २ लाख रुपयांचे धातूचे भाग बदलले तर ७० हजार रुपये मालकाच्या खिशातून जातात. व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंगकाम यांसाठी ‘आयएमटी २३’ ही जोड घेतलेली नसेल, तर त्यांची भरपाई एरवी मिळत नाही. मागून धडकेत आधी फुटतात त्या याच वस्तू. दुरुस्तीच्या काळात बुडालेले भाडेही पॉलिसीत बसत नाही.

दुरुस्ती आणि ट्रक ओढून आणण्याचा एकूण खर्च वाहनाच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांहून जास्त होत असेल तर तो ट्रक ‘टोटल लॉस’ धरला जातो. आयडीव्ही १८ लाख असेल तर ही रेषा साडेतेरा लाखांवर येते. अंदाजपत्रक या रेषेच्या आसपास असते, तेव्हा खरी ओढाताण सुरू होते. कर्ज बाकी असेल तर भरपाईवर पहिला हक्क फायनान्स कंपनीचा असतो. त्यामुळे मालकाच्या हाती काय उरणार, हे आधी विचारून घेतलेले बरे.

चूक मागच्या वाहनाची असेल तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येते. मात्र कायद्यातील दुरुस्तीनुसार अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो. मागून धडकणारा नेहमीच दोषी ठरतो असेही नाही. पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर राखणे हे मागच्या चालकाचे कर्तव्य आहे. मात्र पुढचा ट्रक रात्री दिवे आणि इशाऱ्याविना रस्त्यात उभा असेल, तर जबाबदारी त्याच्यावरही येते.

आरटीओची भूमिका काय?

कलम १३६ नुसार अपघातग्रस्त वाहनाची अधिकृत व्यक्तीकडून तपासणी होते. मोटार वाहन निरीक्षक तेथे प्रामुख्याने अपघाताचे कारण शोधतो : ब्रेक निकामी होते का, यांत्रिक बिघाड होता का. दुरुस्तीनंतर ट्रक रस्त्यावर यायला योग्य आहे का, हा प्रश्न त्या अहवालाच्या कक्षेत येत नाही. योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे फिटनेस, नव्या मालवाहू वाहनाला दोन वर्षांसाठी मिळते. पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण होते. अपघात झाला म्हणून ते आपोआप रद्द होत नाही. कलम ५६ नुसार ते रद्द करण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे, पण त्यासाठी कोणीतरी तो ट्रक त्यांच्यासमोर आणायला हवा.

लांब मेंबर बदलताना चासी क्रमांकाचा प्रश्न येतो. बहुतेक ट्रकमध्ये तो लांब मेंबरवरच कोरलेला असतो. तो भाग कापला गेला किंवा गॅसने खराब झाला, तर ट्रकची ओळखच संशयात येते. त्यामुळे अशा कामाआधी आरटीओला लेखी कळवून परवानगी घेणे, जुना भाग जपून ठेवणे आणि कामाचे बिल सांभाळणे आवश्यक आहे. कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. दुरुस्तीच्या निमित्ताने व्हीलबेस वाढवणे किंवा मागचा भाग लांबवणे हाही त्यातलाच प्रकार. मागचा संरक्षक बंपर पुन्हा बसवणेही बंधनकारक आहे. लहान गाडी ट्रकखाली घुसू नये यासाठी तो असतो. तो ‘आयएस १४८१२’ या भारतीय मानकानुसार असावा लागतो. गॅरेजमध्ये पाइप वेल्ड करून केलेला दिखाऊ बंपर हे काम करत नाही.

ट्रक कायमचा निकामी झाला असेल तर कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. ‘टोटल लॉस’ झालेल्या ट्रकचा सांगाडा कागदपत्रांसह विकणे धोक्याचे ठरते. त्याचा चासी क्रमांक चोरीच्या ट्रकवर गेला तर पोलीस पहिल्यांदा मूळ मालकाच्या दारात येतात. नोंदणीकृत भंगार केंद्रात ट्रक देऊन ठेव प्रमाणपत्र घेणे हा सुरक्षित मार्ग आहे.

जुना ट्रक घेणाऱ्याने काय पाहावे?

आरसी बुकात अपघाताची किंवा चासी सरळ केल्याची नोंद नसते. म्हणून विकत घेणाऱ्याने मागील विमा दाव्यांची माहिती मागावी. लांब मेंबरवर एकाच पट्ट्यात नवा रंग, रिव्हेटांच्या रांगेत मध्येच बोल्ट, आतल्या बाजूने वेल्डिंगचे मणी, दोन्ही बाजूंच्या व्हीलबेसमधील फरक आणि टायरची एकेरी झीज या पाच गोष्टी पाहायला अर्धा तास पुरतो. कागदोपत्री स्वस्त वाटणारा ट्रक पाटे, टायर आणि डिझेलमध्ये ते पैसे वसूल करून घेतो.

मग बदलायला काय हवे?

या साखळीत प्रत्येकाकडे घाई करण्याचे कारण आहे. एक-दोन ट्रकच्या मालकाचा हप्ता थांबत नाही. गॅरेजवाल्याला जागा मोकळी हवी असते. विमा कंपनीला बिल कमी हवे असते. या सगळ्यांची किंमत शेवटी चालक मोजतो. तिरका चालणारा ट्रक बोरघाटात किंवा खंबाटकीत त्यालाच आवरावा लागतो आणि पुन्हा अपघात झाला तर ‘चालकाचा ताबा सुटला’ अशीच नोंद होते.

उपाय फार मोठे नाहीत. चासीचे काम झालेल्या प्रत्येक ट्रकसाठी दुरुस्तीपूर्व आणि दुरुस्तीनंतरच्या मापांचा सही-शिक्क्याचा अहवाल विमा कंपनीने बिलाइतकाच सक्तीचा करावा. लांब मेंबरला हात लागला असेल तर मुदत शिल्लक असली तरी नव्याने फिटनेस तपासणी व्हावी. त्यासाठी वेगळे शुल्क न घेता ठरावीक दिवसांत वेळ मिळावी, नाहीतर नियम कागदावरच राहील आणि लहान मालक तो चुकवण्याचा मार्ग शोधेल. मोठ्या दुरुस्तीची नोंद ‘वाहन’ प्रणालीत यावी, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला ती दिसेल. ट्रक कंपन्यांच्या चासी दुरुस्तीच्या सूचना बहुतांशी इंग्रजीत आणि अधिकृत वर्कशॉपपुरत्या राहतात. त्या मराठी-हिंदीत, चित्रांसह, कळंबोली किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतील मिस्त्रीच्या मोबाइलवर पोहोचल्या तर गॅस कटर आपोआप कमी पेटेल. हातात कौशल्य त्यांच्याकडे आहेच. मापांची सवय आणि ती मागणारा ग्राहक, या दोन गोष्टींची उणीव आहे.

तोपर्यंत मालकाने ट्रक ताब्यात घेताना एक प्रश्न विचारायला हरकत नाही : दोन्ही कर्णांची मापे किती आली? उत्तर कागदावर मिळाले तरच चावी घ्यावी.